दोन कातडी, दहा पौंड आणि सोलापूरची टोपी

माहीत आहे का? इंग्लंडच्या एकाच राजाने अख्खी मुंबई वर्षाला १० पौंडांवर भाड्याने दिली आणि अमेरिकेतला एक अख्खा प्रांत बीव्हर नावाच्या प्राण्याच्या दोन कातड्यांवर!

हा दिलदार, पण कायम कडकीत असलेला घरमालक म्हणजे दुसरा चार्ल्स. मुंबई त्याला १६६१च्या लग्नकरारात मिळाली. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन येणार, सोबत हुंड्यात बेटं येणार. (भांडीकुंडी समजू शकतो, पण बेटं?) सांभाळणं परवडेना म्हणून १६६८ला त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडं १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही, सोसायटीची एनओसी नाही!

बोनस नगेट: चार्ल्सच्या दरबारातले बडे मंत्री लॉर्ड क्लॅरेंडन यांना मुंबई ब्राझीलच्या आसपास कुठेतरी आहे असं वाटत होतं म्हणे. गुगल मॅप नसल्याचे तोटे.

आता दुसरा भाडेकरू. विल्यम पेनच्या वडिलांचे १६,००० पौंड राजाकडे थकले होते. रोकड कुठली द्यायला! १६८१ला चार्ल्सने पेनला अमेरिकेतली जमीन लिहून दिली. तीच पेनसिल्व्हेनिया. भाडं: दोन बीव्हरची कातडी, दर १ जानेवारीला विंडसरच्या किल्ल्यावर पोहोचती करायची. हॅपी न्यू इयर, महाराज!

हा पेन भारी माणूस. पंथाने क्वेकर, आणि क्वेकर लोक मोठ्यातल्या मोठ्या साहेबापुढेही टोपी काढत नसत. १६७०ला लंडनच्या कोर्टात त्याला आणि त्याच्या साथीदाराला उभं केलं, तेव्हा दोघं बोडकेच होते. कोर्टाने शिपायाला सांगितलं, घाल यांच्या डोक्यावर टोप्या. शिपायाने घातल्या. लगेच कोर्ट गरजलं, आमच्यासमोर टोपी? भरा दंड!

मारा आता २६० वर्षांची उडी आणि उतरा सोलापूर स्टेशनवर. १९३०च्या मे महिन्यात इथेही टोपी हा गुन्हा ठरला. टोपी पांढरी, खादीची, गांधींच्या नावाची. इंग्रज साहेबाचं आणि टोपीचं नेमकं काय बिनसलं होतं, देव जाणे. सोलापूरच्या टोपीचा किस्सा पुढे येतोच आहे. तोवर जरा फिरून येऊ.

नाताळ बंद, मासा हजर!

इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहती म्हणजे सख्ख्या भावंडांसारख्या. आईबाप एक, स्वभाव तेरा.

माहीत आहे का, मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करायला बंदी होती? दंड ५ शिलिंग. आणि ही बंदी घालणारे कट्टर ख्रिश्चन होते बरं! नाताळ बायबलात नाही, सबब कामावर चला.

शेजारच्या ऱ्होड आयलंडचा सगळा कारभारच उलटा. कुणी काय पूजायचं ते ज्याचं त्याने बघावं. त्यांची सनदही आपल्या चार्ल्सनेच १६६३ला दिली. ती इतकी मोकळीढाकळी होती की अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही १८४३पर्यंत तीच राज्यघटना म्हणून चालवली!

दक्षिणेकडे जॉर्जियाने १७३५ला रमवर बंदी घातली, आणि गुलाम ठेवण्यावरही. रमबंदी सात वर्षांत बसली. गुलामबंदी १७५१ला उठवली, आणि तिथून पुढचा इतिहास चटपटीत नाही.

व्हर्जिनियाचं चलनच तंबाखू. पाद्र्याचा पगार तंबाखूत, कर तंबाखूत. १६२०च्या सुमारास इंग्लंडहून लग्नासाठी मुली आणल्या, त्यांचा प्रवासखर्च नवरदेवाने भरायचा: उत्तम प्रतीची १२० पौंड तंबाखू. चुना लावला की नाही, इतिहास सांगत नाही.

उत्तरेकडे पैसा होता माशात. म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत आजही जवळपास पाच फुटांचा लाकडी कॉड मासा छताला टांगलेला आहे. १९३३ला हार्वर्डच्या टवाळ पोरांनी तो चक्क पळवला. दोन दिवस सगळं बोस्टन मासा शोधत होतं. सापडला. सभागृहात पुन्हा टांगला, आणि या वेळी सहा इंच उंच!

आमचीही खिचडी काही कमी नाही

आता म्हणाल, हे सगळं तिकडचं. थांबा की! सोलापूरच्या पन्नास-साठ मैलांच्या परिसरात इंग्रजी अमलात जी राज्यांची खिचडी शिजली होती, तिच्यापुढे अमेरिकेच्या तेरा वसाहती म्हणजे साधा वरणभात.

माहीत आहे का, मंगळवेढा सांगलीचं होतं? आज सांगली म्हणजे नुसता शेजारचा जिल्हा, तेव्हा तसं नव्हतं. सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानाचा तो एक तालुका. आणि पाऊण तासावरचं पंढरपूर खालसा, म्हणजे थेट इंग्रजांचं. दामाजीपंत एका राज्यात, विठोबा दुसऱ्यात!

मोडनिंब? मिरजेचं. तेही थोरल्या पातीच्या मिरजेचं. माळशिरस तालुक्यातलं पिलीव? ते अक्कलकोटच्या भोसल्यांचं. अक्कलकोट कुठे, पिलीव कुठे! मधे इंग्रजांचा अख्खा मुलूख पसरलेला. नकाशा काढणाऱ्याने शाई शिंपडली आणि पडेल तो डाग कायम केला, असंच वाटतं.

अक्कलकोटची तर मुळापासूनच गंमत. शाहू महाराजांनी १७०७ला लोखंडे घराण्यातला राणोजी नावाचा मुलगा आपलासा केला, त्याला भोसले केलं, फत्तेसिंह नाव दिलं. त्याच्या वंशाकडे हे संस्थान आलं. इंग्रजी काळात या संस्थानावर नजर ठेवायचं काम सोलापूरच्या कलेक्टरकडे. म्हणजे सोलापूरच्या साहेबाचे दोन जॉब. एक रयतेला धाकात ठेवायचं, दुसरा राजाला!

आणि आता हेडलाइनर. सोलापूरहून तुळजापूरला निघा, पंचेचाळीस किलोमीटर. इंग्रजांच्या काळात हा फॉरेन टूर होता! तुळजापूर, नळदुर्ग हा सगळा निजामाचा मुलूख. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे कस्टम्स. कचेरीची भाषा उर्दू. खिशातला इंग्रजी कलदार रुपया तिकडे गेला की हाली सिक्क्यात मोजायचा. भाव साधारण सहा कलदाराला सात हाली. एका नाक्यात सहाचे सात, कुठला म्युच्युअल फंड देतोय?

कॅलेंडरसुद्धा वेगळं! निजामाच्या कचेरीत फसली सन चाले, आणि तो इसवी सनाच्या जवळपास ५९० वर्षं मागे. सोलापुरात १९३० चालू असताना तुळजापूरच्या कागदांवर १३३९ किंवा १३४०. बैलगाडीतून टाइम ट्रॅव्हल!

आता याहून विचित्र काय असेल? आहे ना. नळदुर्ग, धाराशिव हा भाग निजामाने कर्जापोटी १८५३ला इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि इंग्रजांनी तो १८६०ला परत केला. सात वर्षं इकडे, पुन्हा तिकडे. तिथे कारभार पाहायला होते मेडोज टेलर, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारे. ठगांचा लेखक आणि जमिनीची अदलाबदल, योगायोग बरा जुळला.

या सगळ्या हद्दींना फाट्यावर मारणारी एकच बाई होती: बार्शी लाइट रेल्वे. दोन रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट, कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, पहिली गाडी १८९७ला बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला. १९११पर्यंत ती लातूरला, म्हणजे निजामाच्या मुलखात पोहोचलीसुद्धा.

आधी कारभारी, मग परवानगी

माहीत आहे का, अमेरिकेतलं पहिलं निवडून आलेलं सभागृह उन्हाने बंद पडलं? ३० जुलै १६१९, जेम्सटाउनचं चर्च, २२ प्रतिनिधी. जुगार, दारू, आळस यांवर कायदे झाले. पण उकाडा असा की एक सदस्य दगावला आणि सहाव्या दिवशी, ४ ऑगस्टला, अधिवेशन गुंडाळलं. सोलापूरकरांना हे वाचून हसू येईल. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या घरात असतो आणि जनरल बॉडीची मीटिंग होते, भांडणासकट!

त्याच जेम्सटाउनमध्ये त्याच उन्हाळ्यात आणखी एक धमाका. तिथे काच आणि डांबर करायला आणलेल्या पोलिश कारागिरांना मत नव्हतं. त्यांनी काम थांबवलं. मत मिळालं! हे पोलिश प्रकरण लक्षात ठेवा, पुढे औंधात कामाला येणार आहे.

इकडे मुंबईत १६७०च्या दशकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने वेगळीच चाल केली. प्रत्येक समाजाची पंचायत नेमली: तुमचे तंटे तुम्ही सोडवा. उदारपणा? थोडाफार. बाकी, व्यापारी येऊन राहावेत आणि साहेबाची डोकेदुखी कमी व्हावी, एवढंच.

आणि मद्रासला १६८८ला महापालिका झाली, भारतातली पहिली. तिचा पहिला मेयर नॅथॅनिएल हिगिन्सन जन्माने कुठला, ओळखा. इंग्लंडचा? चूक! अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा, हार्वर्डचा पदवीधर. एका वसाहतीचं पोर दुसऱ्या वसाहतीत नगराध्यक्ष. तेव्हा एच-वन-बी नव्हता.

सोलापूरची नगरपालिका १८५२ची. म्हणजे सत्तावन्नच्या उठावाआधी, शहरात रेल्वे यायच्या आधी, पहिली गिरणी १८७७ला सुरू झाली त्याच्या पंचवीस वर्षं आधी आमच्याकडे गटारींवरून वाद सुरू झालेले होते! १८५०चा कायदाच तसा होता. गावाची तयारी असेल तर नगरपालिका घ्या, आणि खर्चाचा करही तुम्हीच भरा. स्वराज्याचं पहिलं बिल नेहमी कराचंच असतं. पंढरपूरच्या नगरपालिकेने यावर छान तोड काढली: कर यात्रेकरूंवर. विठ्ठल विठ्ठल!

टोपी, झेंडा आणि मे महिना

आता तो टोपीचा किस्सा. इथे जरा आवाज खाली घेऊ, कारण या नगेटला रक्त लागलेलं आहे.

६ एप्रिल १९३०. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लागला. असं करणारी देशातली पहिली नगरपालिका आमची, हे सोलापूरकर आजही कॉलर ताठ करून सांगतो. सांगू द्या, हक्क आहे.

५ मेला गांधीजींना अटक झाली. गिरणगाव ते, पेटायला काय वेळ! हरताळ, मोर्चे. ८ मेला शिंदीची झाडं तोडायला लोक निघाले. पकडापकडी, दगडफेक, मग पोलिसांचा गोळीबार. शंकर शिवदारे हा तरुण पडला. चिडलेल्या जमावाने पोलिस चौकी पेटवली, कोर्ट पेटवलं. पोलिसही मारले गेले.

आणि मग अजब घडलं. सरकारने पोलिस शहरातून काढून घेतले. गोऱ्या कुटुंबांना रेल्वे स्टेशनवर हलवलं. ९ ते ११ मे, हे एवढं मोठं गिरणीचं शहर सरकारविना! लूटमार? अंदाधुंदी? सरकारला तीच अपेक्षा असावी. झालं असं की काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकात उभे राहिले, बंदोबस्त ठेवू लागले, वाहतुकीला हात दाखवू लागले. (सात रस्त्यावर संध्याकाळी सहाला अडकलेला कुठलाही सोलापूरकर म्हणेल, बोलवा त्यांना परत.) कुणी हे स्वातंत्र्य तीन दिवसांचं म्हणतं, कुणी चार दिवसांचं. देश स्वतंत्र व्हायला अजून सतरा वर्षं होती.

१२ मेला मार्शल लॉ आला, तो थेट ३० जूनपर्यंत. झेंडा बंद. गांधी टोपी बंद. शिक्षा अशा बेफाम की लंडनच्या पार्लमेंटात सोलापूरवरून प्रश्न विचारले गेले. पेनला १६७०ला नुसता दंड झाला होता. इथे तेवढ्यावर भागलं नाही.

पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात चौघांना फाशी झाली. १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंग. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत, आणि वय जेमतेम विशीचं. चार जण, चार वेगळ्या समाजांतले. रोज चार हुतात्मा चौकातून रिक्षा पकडणाऱ्या किती जणांना चारही नावं सांगता येतील? पुन्हा एकदा वर जा आणि वाचा. आम्ही थांबतो.

आणखी एक कडू नगेट. इंग्रजांनी सोलापुरात खरोखरची एक 'सेटलमेंट' वसवली होती, आणि तिला तारेचं कुंपण होतं. १८७१च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती तिथे कोंडल्या जात, हजेरी लागे, गिरणीत कामाला नेलं जाई. 'चांगलं वागणाऱ्यांना' कुंपणाबाहेर घर मिळे, त्या वस्तीचं नाव फ्री कॉलनी. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७नंतर पाच वर्षांनी. फ्री कॉलनी हा पत्ता मात्र सोलापुरात आजही आहे.

राजाच म्हणाला, राज्य घ्या!

मूड बदलू या. आटपाडीच्या दिशेला चला, औंध संस्थानात.

७२ गावं, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, तीही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी: चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्काराचे असे भक्त की शाळाशाळांतून पोरांना नमस्कार घालायला लावले. फिटनेस इन्फ्लुएन्सर, ओरिजिनल एडिशन!

१९३८च्या अखेरीस या राजाने जाहीर केलं, मला राज्य नको, तुम्हीच चालवा. २१ जानेवारी १९३९ला औंधची नवी घटना आली. मसुद्यावर कुणाचा हात फिरला होता माहीत आहे का? खुद्द गांधीजींचा. गावागावांत निवडलेली पंचायत, पंचायतीतून तालुका, वर विधिमंडळ. बाकीच्या संस्थानिकांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. शेजारच्याने खुर्ची फुकट वाटायला काढली की आपली डुगडुगायला लागते.

आणि आला आपला पोलिश माणूस! मॉरिस फ्रिडमन, पोलंडचा ज्यू इंजिनिअर. राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या मदतीला तो औंधात आला आणि हा प्रयोग त्याने अंगावर घेतला. १६१९ला पोलिश कारागिरांनी जेम्सटाउनमध्ये मत मिळवलं, आणि तीनशे वीस वर्षांनी त्यांच्याच देशाचा एक माणूस माणदेशात मतं वाटत होता. फ्रिडमनने पुढे काय केलं? मुंबईच्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणली. १९७३चं 'आय ॲम दॅट', जगभर वाचलं जाणारं. व्हर्जिनियापासून तंबाखू काही या लेखाची पाठ सोडत नाही.

याच मंडळींनी १९३९ला आटपाडीजवळ कैद्यांसाठी भिंती नसलेला तुरुंग काढला: स्वतंत्रपूर. कैदी शेती करणार, बायकापोरांसह राहणार. पळून जायचं तर जा! व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरच बेतलेला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि गदिमा स्वतः औंध संस्थानातल्या माडगूळचे. १९५८ला बर्लिनला सिनेमाला सिल्व्हर बेअर मिळालं. एवढ्याशा संस्थानाने केलं, आणि जगाने पडद्यावर बघितलं. खुली वसाहत अजून चालू आहे.

औंधचंच कुंडल गाव पुढे १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा बालेकिल्ला झालं. तिथे लोकांची कोर्टं बसली, कमी खर्चाची लग्नं लागली. इंग्रज सरकार जागेवर, आणि त्याच्या नाकावर टिच्चून दुसरं सरकार. पण तो विषय एका नगेटात मावणारा नाही, त्याला पुढचा अंक लागेल.

एक मुलूख, तीन स्वातंत्र्यदिन

शेवटचा फटाका. माहीत आहे का, सोलापूरकडच्या लोकांनी जुना अंमल संपायच्या तीन तारखा पाहिल्या?

सोलापूर, पंढरपूर, बार्शी: १५ ऑगस्ट १९४७. अक्कलकोट, मंगळवेढा, मोडनिंब: दक्षिणी संस्थानं विलीन झाली त्या ८ मार्च १९४८ला. आणि तुळजापूर-नळदुर्गसाठी थांबावं लागलं सप्टेंबरपर्यंत. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरींचं सैन्य निघालं ते सोलापूरहून, पहिली चकमक नळदुर्गला, १७ तारखेला निजाम शरण. निजामाचं राज्य गेलं. हाली सिक्क्याने मात्र आणखी काही वर्षं तग धरला. पैसा राज्यापेक्षा चिवट.

तर मंडळी, पुढच्या वेळी पंढरपूर-मंगळवेढा एसटीत बसाल तेव्हा शेजारच्या पाव्हण्याला हळूच कोपराने ढोसा आणि विचारा, 'माहीत आहे का, आपण आत्ता सांगली संस्थानात शिरलो?' कंडक्टरने जादा पैसे मागितले तर देऊ नका.